निरवांगीला नदीने

२० नोव्हेंबर १९९६, बुधवार. संध्या. ६.१०
ज्योत्स्नाला निरवांगीच्या गाडीत बसवून आलो. दिवाळीची सुट्टी संपली. जूनमध्ये तिची तिकडच्या शाळेवर बदली झाली, तेव्हापासून तिच्या बारामतीला पाच फेऱ्या झाल्या आणि माझी तिकडे एकही नाही. हा हिशेब तिने स्टँडवर चार माणसांत सांगितला. म्हणाली, आता मी येणार नाही, तुम्ही या. खोली दोघांना पुरेल एवढी आहे, दारातून नीरा नदी दिसते. तिथल्या हायस्कूलला टायपिंग येणारा क्लार्क हवा आहे, हेडमास्तरांच्या कानावर घातलंय. आणि येताना माझा निळा स्वेटर आणा, खुंटीवरच राहिला.

मी म्हणालो, येतो. गाडी सुटली तरी ती खिडकीतून बघत होती. डोळे पुसत होती. स्टँडवर धूळ फार.

इन्स्टिट्यूट सोडून एकदम जाणं शक्य नाही. सध्या अकरा विद्यार्थी. मागच्या वर्षी चाळीस होते. समोर कॉम्प्युटर क्लास निघाला त्याचं फॅड आहे. वर्षभरात उतरेल आणि मुलं टाइपरायटरकडे परत येतील.

निर्णय: या रविवारी निरवांगी.

२४ नोव्हेंबर, रविवार
गेलो नाही. गाडी सकाळी सातला. सातला कोण जातं?

२६ नोव्हेंबर, मंगळवार. दु. ४.००
मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

स्पीड प्रॅक्टिसचा इंग्रजी उतारा नंबर चौदा मी सोळा वर्षं मुलांकडून टाइप करून घेतोय. दोन मित्र एका छोट्या नावेत बसतात, वल्हं बाजूला ठेवतात, गळ टाकतात आणि तीन दिवसांत वाहत वाहत मुक्कामाला पोचतात. सोबत ताजे मासे. उताऱ्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ आहे, त्याचा अर्थ: नदीलाच काम करू द्या. आज एका मुलीने त्यात सात चुका केल्या. ती दुरुस्त करता करता डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

कऱ्हा आमच्या घरामागून जाते. कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते. नीरा निरवांगीवरून जाते. म्हणजे आमच्या परसातून निघालेलं पाणी थेट माझ्या बायकोच्या दारात पोचतं! सोळा वर्षं हा उतारा माझ्याकडे कशासाठी होता, ते आज कळलं.

यष्टीने कोणीही जातं. मी नदीने जाणार. हातात मासे. ज्योत्स्नाला मरळ मासा फार आवडतो. ती घाटावर धुणं धूत असेल आणि मी वळणावरून येईन. मग पाच फेऱ्यांचा हिशेब कोण काढतो बघू.

आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, का रं, यष्टी बंद पडली व्हय?

२७ नोव्हेंबर
मागे जाऊन कऱ्हा पाहिली. पाणी नाही. एक डबकं आहे, त्यात म्हैस आहे. प्लॅनमध्ये किरकोळ बदल: सुरुवात सोनगावपासून.

१ डिसेंबर, रविवार
नावेच्या शोधात इंदापूरकडे गेलो. उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांकडे नावा असतात. जाताना जंक्शन नावाच्या गावी गाडी बदलली. शेजारीच निरवांगीची गाडी उभी होती, अर्धी रिकामी. कंडक्टर मला बघून म्हणाला, बसा की सर, सुटतीया. पण नावेशिवाय जाणं म्हणजे सगळ्या प्लॅनचाच विचका. बसलो नाही.

धरणाकाठी एक जोतीराम म्हणून मासेमारी करणारा भेटला. त्याची नाव विकत, भाड्याने किंवा चार दिवस उसनी मिळेल का विचारलं. म्हणाला, नाव दिली तर आमी काय खायाचं? त्याने थर्माकोलचा एक मोठा ठोकळा दाखवला. त्यावर मांडी घालून बसायचं आणि हातांनी पाणी मारत जायचं, इथं बरेच जण तसेच जाळी टाकतात. मी त्याला सांगितलं, मी इन्स्टिट्यूटचा प्रिन्सिपॉल आहे. तो म्हणाला, मग मधोमध बसा, वजन जास्त हाय.

घरी यायला साडेसहा तास लागले. खूप शिकायला मिळालं.

८ डिसेंबर, रविवार
नाव मिळाली! म्हणजे जवळजवळ नाव.

सोनगावच्या धोंडीबा तात्यांकडे गेलो होतो. तात्यांचा मुलगा माझ्याकडे टायपिंगला होता, तीस स्पीड, पास झाला नाही. तात्यांचं गुऱ्हाळ पूर्वी प्रसिद्ध. आता ऊस सगळा कारखान्याला जातो, त्यामुळे उसाचा रस उकळायची काहील गोठ्यामागे पालथी पडली आहे. लोखंडी, गोल, आठ फूट रुंद, गुडघ्याएवढी खोल. तिच्यात बसून तात्यांनी पुराच्या दिवसांत माणसं पैलतीराला नेली आहेत. एकदा तर करवलीसकट नवरी नेली.

मी विचारलं, एकट्या माणसाला निरवांगीपर्यंत नेईल का? तात्यांनी काहिलीवर एक थाप मारली. म्हणाले, कायल बुडत न्हाय. पर तिला म्होरं न्हाय अन् मागं न्हाय. ती जाईल तिकडं जायाचं. तुला काय काम हाय निरवांगीत?

मी म्हणालो, बायको.

तात्या म्हणाले, मग लवकर जा की येड्या.

मी त्यांना उतारा चौदा मराठीत समजावून सांगितला. तात्या म्हणाले, ती नदी निराळी आसंल. आमच्या निरंला बंधारं हायेत. दिवाळीच्या टायमाला ढापं टाकल्यात. आता पाणी हाय, पर व्हात न्हाय.

ढापे म्हणजे बंधाऱ्यात बसवायच्या लोखंडी फळ्या. पाणी अडवून शेताला घेतात. माझ्या मते तात्यांचा दृष्टिकोन शेतीपुरता मर्यादित आहे. नदी म्हणजे नदी. ती वाहणारच.

१९ डिसेंबर, गुरुवार
ज्योत्स्नाचं पत्र. थंडी खूप आहे, नदीवरून वारा येतो. वर्गात शाल पांघरून शिकवते तर मुलं हसतात. स्वेटर कधी आणता? क्लार्कच्या जागेसाठी अर्ज १५ जानेवारीच्या आत, स्वतः येऊन द्यायचा आहे. मी तुमची जेवायची थाळी वेगळी काढून ठेवली आहे.

पत्रात शुद्धलेखनाच्या दोन चुका. लाल पेनने दुरुस्त केल्या. परत पाठवाव्यात की नाही, या विचारात आहे.

उत्तर पाठवलं: येतोय. कसा येतोय ते विचारू नकोस. घाटावर लक्ष ठेव.

२९ डिसेंबर, रविवार
तयारी. वस्तू: गळ दोन, दोरी, कणकेच्या गोळ्या (माशांना), चपात्या (मला), छत्री, निळा स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत, सर्टिफिकेटांची फाइल दुसऱ्या पिशवीत, घड्याळ. वल्हं घेतलं नाही. उताऱ्यात वल्हं बाजूला ठेवलेलं आहे, मग मुळात घ्यायचंच कशाला?

आई म्हणाली, स्वेटर पोस्टानं धाड. तिला समजत नाही. पोस्टाने स्वेटर पोचेल, मी कसा पोचेन?

५ जानेवारी १९९७, रविवार
मोहीम. नोंदी जागेवरच केल्या.

स. ८.४०: तात्यांनी आणि त्यांच्या गड्याने काहील पाण्यात सोडली. मी मधोमध. तात्या म्हणाले, हालू नगं. गाव काठावर जमलं होतं. मी हात हलवला. काहील फिरली आणि माझी गावाकडे पाठ झाली.

८.५५: सुंदर शांतता. पाणी आरशासारखं. गळ टाकला.

९.३०: काठावरचं तेच बाभळीचं झाड.

१०.१०: तेच झाड. उतारा चौदामध्ये पहिला तास नेहमी संथ जातो.

१०.४५: वारा सुटला. काहील हलली! अखेर नदीने काम हाती घेतलं.

११.२०: बाभूळ डावीकडे गेली. निरवांगी पूर्वेला, मग बाभूळ माझ्या मागे जायला हवी होती. कदाचित काहील फिरल्यामुळे दिशेचा घोटाळा होत असावा. चपाती खाल्ली.

१२.३०: सकाळी जिथून निघालो तिथला घाट पुन्हा आला. आता उजवीकडे आहे. धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, आलं, आलं, माघारी आलं.

१.१५: वारा पूर्वेकडून येतोय. म्हणजे निरवांगीकडून. तो मला बारामतीकडे ढकलतोय.

२.००: उतरलो. पाच तास वीस मिनिटांत मी सोनगावच्या दोनशे पावलं मागे पोचलो. गळाला एक खेकडा लागला होता, तोही चिमटा घेऊन गेला.

तात्यांनी मला चुलीपाशी बसवलं. चहा दिला. मग एकदम म्हणाले, धम्मदीप, निरवांगीची गाडी तीनला हाय. आत्ता गेलास तर दिवस बुडायच्या आत पोचशील. कायल हितंच ऱ्हाईल, कुठं पळून जात न्हाय.

पँट ओली होती. पहिल्यांदा हायस्कूलच्या हेडमास्तरांपुढे ओल्या पँटने जाणं बरं दिसत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
उद्या अर्जाचा शेवटचा दिवस. विचार केला की स्वतंत्र व्यवसायाची सोळा वर्षांची सवय असलेल्या माणसाने एकदम नोकरी धरू नये. शिवाय नदीने न जाता गाडीने गेलो तर ज्योत्स्ना म्हणेल, शेवटी आलात ना गाडीनेच.

१५ जानेवारी, बुधवार
दिवस निवांत गेला. सगळ्या टाइपरायटरना तेल घातलं.

२ फेब्रुवारी, रविवार
आई गेली.

म्हणजे निरवांगीला गेली. सकाळी उठलो तर आईने ट्रंक बांधलेली. निळा स्वेटर तिने माझ्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून घडी घालून वर ठेवला होता. मी म्हणालो, आई, मी नेणारच होतो. आई म्हणाली, व्हय, उन्हाळ्यात. पोरगी थंडीनं काकडतीया अन् तू निरंचं पानी मोजतूयास.

अक्षरओळख नाही, आजवर एकटी कधी गाडीत बसली नाही. मी म्हणालो, निरवांगीची गाडी कशी ओळखशील? म्हणाली, इचारीन. तोंड हाय की मला.

दोन-चार दिवसांत येते म्हणाली. ट्रंक मात्र मोठी नेली.

१० फेब्रुवारी, सोमवार
स्वयंपाक सोपा आहे. लोक उगाच बाऊ करतात. चौथ्या दिवसापासून खानावळ लावली.

१६ मार्च, रविवार
आईचं पत्र. ती सांगणार आणि छकुली नावाची तिसरीतली विद्यार्थिनी लिहिणार, असं दिसतंय. आईचं बोलणं त्या मुलीने जसंच्या तसं उतरवलंय:

“हितं बरं हाय. मी पोरींना दिव्याच्या वातीवानी शेवया करायला शिकीवते. सुनबाई रोज माज्याशी बोलतीया. तितं तू बोलत न्हवतास, नुसता खडखड वाजवायचास. कलारकाची जागा भरली. निमसाखरचा एक पोरगा लागला. तुजी थाळी मी घितली हाय, दुसरी न्हवती. तू येणार हाईस का न्हाय ते एकदा लिव. न्हाय तर माजा पितळी डबा धाड.”

चुका एकोणीस. पण हस्ताक्षर वळणदार. ज्योत्स्ना चांगली शिकवते.

डबा पाठवला नाही. नदीने नेईन.

२२ मे, गुरुवार. बुद्धपौर्णिमा
ज्योत्स्नाने आठ दिवसांपूर्वी दोन ओळींचं कार्ड पाठवलं होतं. पौर्णिमेला वस्तीवरच्या विहारात कार्यक्रम आहे, खीर आहे, सगळ्यांचे यजमान येतात. आलात तर बरं होईल.

सुट्टीतही ती इकडे आली नाही. म्हणजे तिथे जीव रमला. माझं काम सोपं झालं.

परवा सोनगावला जाऊन नदी पाहिली. पाणी आटलंय. पात्रात नुसती वाळू आणि मधेमधे कलिंगडाच्या वाड्या. तात्या म्हणाले, आता तर लई झ्याक. नदीतनं चालत जा! नदीनंच गेल्यावानी व्हईल.

तात्या माझी थट्टा करतात असा संशय येतो.

विहारात मी बारामतीतच गेलो. खीर इथेही होती. वंदना म्हणताना शेजारच्या शकुबाईंनी विचारलं, ज्योत्स्नाताई न्हाई आल्या? मी म्हणालो, तिकडचा कार्यक्रम तीच बघते. मग मला पुढची गाथा आठवेना.

१५ जून, रविवार
इन्स्टिट्यूटची नवी टर्म. तीन विद्यार्थी. त्यातला एक समोरच्या कॉम्प्युटर क्लासला जागा होईपर्यंत आलाय. तसं त्याने स्वतःच सांगितलं. प्रामाणिक मुलगा.

ज्योत्स्नाचं पत्र: “यंदा बदलीचे अर्ज मागवले होते. मी बारामतीसाठी भरला नाही. आई बऱ्या आहेत. तुम्ही तब्येत सांभाळा.”

बस्स. स्वेटर नाही, डबा नाही, कधी येता नाही. सात महिन्यांत पहिल्यांदाच पत्रात काही मागितलेलं नाही. संसार स्थिरावतोय याचं हे लक्षण.

तरी पत्र चार वेळा वाचलं. मागच्या बाजूलाही काही नव्हतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
तात्यांचा फोन आला, शेजारच्या किराणा दुकानात. वरच्या धरणाचं पाणी सुटलंय, बंधाऱ्यांचे ढापे काढलेत, नीरा वाहती झाली. फार मोठं पाणी नाही, दोन दिवस असंच राहील. मी म्हणालो, रविवारी येतो. तात्या म्हणाले, बरं. अन् मंग येकदाचं ह्ये संपीव, माज्या कायलीची पार शोभा केलीस.

या खेपेला मी गंभीर आहे. दाढीचं नवीन ब्लेड आणलं. ज्योत्स्ना पूर्वी म्हणायची, पांढऱ्या शर्टात तुम्ही मास्तर वाटता. तोच शर्ट इस्त्रीला दिला.

२३ ऑगस्ट, शनिवार
मासा. गळाचा अनुभव पाहता आगाऊ सोय केलेली बरी. बाजारात गेलो. नदीला पाणी आल्यामुळे नदीचे मासे आलेच नाहीत म्हणे. जे होते त्यातले चार बऱ्यापैकी घेतले, बर्फात. ओल्या फडक्यात गुंडाळून नेईन आणि पोचायच्या थोडं आधी गळाला लावेन. यात फसवणूक नाही. नीरेचा प्रवास करून आलेला मासा तो नीरेचाच.

२४ ऑगस्ट, रविवार
स. ७.३०: सोनगाव. नदी खरंच वाहतेय! गढूळ, रुंद, जोरात. उताऱ्यासारखी. ऊर भरून आला.

७.५०: तात्यांनी अडचण सांगितली. ढापे काढले तरी बंधाऱ्यांचे दगडी खांब जागेवरच असतात. दोन खांबांतून काहील जात नाही. आडवी अडकणार, मग पाण्याचा दाब आणि मग मी. निरवांगीपर्यंत असे बंधारे किती? तात्यांनी बोटं मोजली आणि मोजायची थांबवली.

८.१५: उपाय निघाला. काहील तात्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली. शेवटचा बंधारा ओलांडला की पाण्यात सोडायची. मी ट्रॉलीतच पण काहिलीत बसलो. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या मी नावेतच होतो.

१०.३०: वाटेत लोक विचारत, गुऱ्हाळ कुठं काढताय? तात्या सांगत, न्हाय वं, जावई सोडायला चाललोय.

११.१०: निरवांगीच्या अलीकडे उतरलो. ट्रॅक्टरने एकोणतीस किलोमीटर, नदीने साधारण सातशे मीटर. तात्यांनी हातात एक लांब काठी दिली. आज त्यांनी हसून वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाले, घाट दिसला का काठी रोवायची अन् कायल काठाला दाबायची. येळ चुकली का गेलास. अन् धम्मा, पोरीशी नीट बोल.

पुढच्या नोंदी गाडीत बसून लिहितोय.

काहील सुटली ती सुसाट. आणि गरगर फिरत. नदी काम करत होती, मला काही करायला उरलंच नव्हतं. वळणावरून घाट दिसला. ज्योत्स्ना होती! खरोखर होती, धुणं धूत होती, सोबत चार-पाच पोरी. मी जसं नऊ महिने मनात पाहिलं होतं तसंच. मी ओरडलो, ज्योत्स्ना! तेवढ्यात काहील फिरली आणि समोर सोलापूर जिल्ह्याचा काठ आला. पुन्हा फिरली, ज्योत्स्ना उभी राहिलेली. पुन्हा सोलापूर. पुन्हा ज्योत्स्ना, कपाळावर हात धरून बघत होती. मी काठी रोवायला उठलो. मधोमध राहायचं असतं हे विसरलो. काठी पाण्यात राहिली, मी काहिलीत पडलो. पुन्हा ज्योत्स्ना आली तेव्हा ती लहान दिसत होती. मी घाटावरून पुढे निघून गेलो होतो.

पोरी काठाने पळत होत्या. ओरडत होत्या, बाई, कायलीतला माणूस चालला! ज्योत्स्ना पळत नव्हती.

खाली तीनशे पावलांवर काटेरी बाभळीत अडकलो. म्हशी धुणाऱ्या एका माणसाने दोरी टाकली. काहील त्याने काठाला ओढून बांधली. मी चालत मागे आलो, डोक्यापासून पायापर्यंत चिखल, हातात माशांचं फडकं.

दारात आई बसली होती. तिने मला पाहिलं, फडकं घेतलं, उघडलं. म्हणाली, निरंत बांगडा घावला व्हय रं? बांगडा समुद्रातला असतो, हे मला कुठं माहीत? नदीचा काय आणि समुद्राचा काय, दोघांना डोळे दोनच. आई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. फडकं तसंच बांधून बाजूला ठेवलं.

खोली लहान आहे. दोन माणसांची. दोन खाटा, दोन थाळ्या, दारामागे दोन साड्या वाळत. खुंटीवर निळा स्वेटर. दारातून नदी दिसते, ती म्हणाली होती तशीच.

ज्योत्स्ना आली. छकुलीने तिचा पदर धरून विचारलं, बाई, ह्ये कोण? ज्योत्स्ना म्हणाली, बारामतीचे पाहुणे आहेत, पाणी दे त्यांना.

मला पाणी मिळालं. नंतर चहा, बशीसकट. घरात मला कधी बशी देत नसत.

मी सगळं सांगितलं. उतारा चौदा, थर्माकोल, जानेवारीतला उलटा वारा, ढापे, ट्रॅक्टर. म्हणालो, नऊ महिने मी दुसरं काही केलं नाही, तुझ्याकडे येण्याचीच तयारी करत होतो. ज्योत्स्ना सगळं शांतपणे ऐकत होती, पालकांचं ऐकतात तसं. मग म्हणाली, डिसेंबरात मी रोज शाळा सुटल्यावर घाटावर बसायचे. तुम्ही लिहिलं होतं, घाटावर लक्ष ठेव. संक्रांतीपर्यंत बसले.

मी म्हणालो, आता आलोय ना. इथे टायपिंग क्लास काढता येईल. ती म्हणाली, इथं कोण शिकणार टायपिंग? मी म्हणालो, मग काहीही करीन. ती म्हणाली, कराल हो. बघू म्हणाल, आणि बसाल. माझी आता वाट बघायची सवय मोडलीय, पुन्हा नका लावू.

रागावली असती तर मी समजूत काढली असती. ती अजिबात रागावलेली नव्हती.

मी कुडकुडत होतो. तिने खुंटीवरचा निळा स्वेटर काढून मला दिला. मी म्हणालो, परत आणून देतो. म्हणाली, असू दे. आईंनी मला नवा विणलाय.

मग तिने घड्याळाकडे बघून सांगितलं, शेवटची गाडी सव्वापाचला आहे.

मी आईकडे पाहिलं. म्हटलं, चल. आई शेवया मोडत होती. म्हणाली, माजं हितं बरं हाय. पितळी डबा तेवढा कुणाबरोबर तरी धाड. तू नगं आणूस.

फाट्यापर्यंत ज्योत्स्ना आली. गाडी दिसली तेव्हा मी विचारलं, एकदा खरं सांग, मी नोव्हेंबरातच आलो असतो तर? तिने पुढे होऊन गाडीला हात केला. म्हणाली, दीड तासाचा तर रस्ता होता हो.

या खेपेला खिडकीतून मी बघत होतो. ती मात्र गाडी सुटायच्या आधीच वळली होती, पोरी वाट बघत होत्या.

सायं. ७.००
घरी. गाडीत लेडीज स्वेटर घालून बसलो होतो, एकही माणूस हसला नाही. बहुधा चेहरा बघून. स्वेटर काढून पुन्हा त्याच खुंटीला अडकवला.

कॉम्प्युटर क्लासमध्ये दिवे आहेत. उतारा चौदा मशीनला लावला होता, पहिल्याच ओळीत तीन चुका झाल्या. काढून ठेवला. रडलो.

गाडी सव्वापाचला सुटली, सहा चाळीसला बारामती स्टँड. एक तास पंचवीस मिनिटं. वाटेत पंक्चर नाही, गर्दी नाही, काही नाही.